गणपतीला आलात, तर दारावरचा कागद आधी वाचा

मंडळी, गौरीगणपतीसाठी गावी आलेल्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे, आणि ती आजच ऐकण्याची आहे. परतीची गाडी पकडण्याआधी घरातले सगळे सरकारी दिसणारे कागद बाहेर काढा. दारावर चिकटवलेले, कोनाड्यात खोचलेले, टीव्हीमागे सरकवलेले, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतले, सगळे. एकेक वाचा. त्यांत कोर्टाचं समन्स निघालं तर आधी त्यावरची तारीख बघा. तारीख पुढची असेल तर बरं. उलटून गेली असेल तर घाई दुप्पट करा, कारण मुदती आधीच चालू झालेल्या असू शकतात. वर्षभरात घरचे सगळे एकत्र असण्याचे दिवस हेच. मे महिन्यापर्यंत थांबलात तर कदाचित दाव्याचा निकालच हातात येईल.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात समन्स माणसापर्यंत का पोचत नाही, हे सांगायला नको. निम्मं घर मुंबईत. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीला बिऱ्हाड आणि सातबाऱ्यावर मात्र पत्ता गावचा. कोर्ट कागदावर असलेल्या पत्त्यावरच माणूस पाठवतं. बेलीफ येतो, दाराला कुलूप बघतो, शेजारी विचारतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनं त्याला वाट आखून दिली आहे. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे, मग ती बाई असो की पुरुष, समन्स देता येतं. तसं कोणी नसेल किंवा घेणाराच नकार देत असेल, तर समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवायची आणि अहवाल लिहायचा: कधी चिकटवली, घर कोणी दाखवलं, कोणासमोर चिकटवली. तो अहवाल कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी तो मान्य केला, की बजावणी पूर्ण. त्यावेळी तुम्ही लोकलच्या दारात लटकत होतात, याची नोंद कुठेच नसते.

पुढे जे होतं त्याला आपल्याकडे 'एकतर्फा झाला' म्हणतात. तुमचं म्हणणं न ऐकता दावा पुढे सरकतो. समोरच्यानं जे शपथेवर सांगितलं ते खोडायला कोणी नसतं. पावसात चिकटवलेला कागद चार दिवसांत भिजून गळून पडतो, किंवा साफसफाईत कोणीतरी शेणाच्या टोपलीत टाकतं. पण कोर्टाच्या फाइलीतली नोंद भिजत नाही.

'घेतलंच नाही तर लागू कसं होईल?' हा समज तर इतका पक्का आहे की भलेभले त्यावर विसंबून असतात. टपालानं आलेलं पाकीट परत पाठवणं म्हणजे हुशारी नव्हे. पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो, आणि त्या शेऱ्यावरूनच समन्स बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. उलट पाकीट घेतलंत, सही केलीत, म्हणून दावा मान्य झाला असं मुळीच होत नाही. सही फक्त कागद मिळाल्याची. आणखी एक: 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात मिसळली गेली आहे. तेव्हा पाकिटावर 'रजिस्टर' दिसत नाही म्हणून ते साधं टपाल समजून बाजूला टाकू नका.

आता वाटपाच्या दाव्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण कोकणातली निम्मी समन्सं तिथूनच निघतात असं वाटावं अशी आपली परिस्थिती. पणजोबांच्या नावावरचा सातबारा आज तीस-चाळीस नावांचा झालेला असतो. एकानं वाटप मागितलं की बाकीचे सगळे आपोआप प्रतिवादी होतात. यात कोणी कोणाचं देणं लागत नाही, कोणी गुन्हा केलेला नाही. तरी समन्स येतं आणि लोक घाबरून किंवा रागावून ते फाडतात. 'आमचा काय संबंध, त्या दोघांचं भांडण आहे' म्हणतात. संबंध असा की वाटपात तुमच्या वाट्याला कड्याचा कातळ द्यायचा की पाण्याकडची जमीन, घराची पडवी कोणाकडे जाणार, कलमांची बाग कोणाची, हे तुमच्या गैरहजेरीत ठरू शकतं. भाऊबंदकीची आपल्याला परंपरा आहे. फणसाच्या एका झाडावरून तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढणारी घराणी याच जिल्ह्यातली. म्हणून असं म्हणावंसं वाटतं की कोकणी माणूस कोर्टाला भीत नाही, तो तारखांना कंटाळतो. कंटाळा समजण्यासारखा आहे. पण कंटाळायचं तर निदान वकीलपत्र दाखल करून मग कंटाळा.

आणि माहेरवाशिणींनो, हे खास तुमच्यासाठी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं दिला. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये तो जन्मापासूनचा हक्क आहे हे स्पष्ट केलं. त्यामुळे वाटपाच्या दाव्यात लग्न झालेल्या बहिणींची नावंही असतात. मात्र पत्ता बहुधा माहेरचा लिहिलेला असतो. समन्स तिथे जातं, भाऊ किंवा वहिनी ते घेते, आणि 'ताईला कशाला उगाच त्रास' म्हणून ते कपाटात जातं. कधी हे भोळेपणानं होतं, कधी नाही. तुम्ही लग्नानंतर त्या घरात राहत नसाल, तर तिथल्या माणसाच्या हातात दिलेलं समन्स तुम्हाला बजावलं गेलं असं म्हणणं कायद्यात बसत नाही. पण हा मुद्दा कोर्टात जाऊन मांडल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार? गौरीच्या जेवणाला माहेरी गेलात की एकदा सरळ विचारा, 'माझ्या नावाचं काही आलंय का?' विचारल्यानं नाती तुटत नाहीत. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर ऐका: विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. हीच सवलत अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींनाही आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. फोनवर विचारायचं असेल तर 15100.

हातात आलेला कागद नेमका कोणता, हे ओळखलं की निम्मी भीती जाते.

वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिच्यावर वकिलाचं नाव-पत्ता असतो, कोर्टाचा शिक्का नसतो. तिला उत्तर द्यावं, विशेषतः चेक परत गेल्याची असेल तर. तिथे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हाच उभा राहत नाही. ते पंधरा दिवस बंद घराच्या फटीत पडून वाया गेले की पुढे फौजदारी तक्रार, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा कागद लोकअदालतीचा. थकलेलं वीजबिल, टेलिफोनचं बिल, ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी, बँकेचा हप्ता, गाडीचं ई-चलान यांच्या नोटिसा राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी गठ्ठ्यानं निघतात. बऱ्याच वेळा हे प्रकरण कोर्टात दाखलही झालेलं नसतं. 'दाखलपूर्व' असा शब्द त्यावर असतो. तिथे गेला नाहीत म्हणून तुमच्यावर वॉरंट निघत नाही. पण जाणं फायद्याचं आहे, कारण व्याजात किंवा दंडात सवलत मिळवायची ती जागा आहे. फक्त सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. पटलं नाही तर 'तडजोड नको' म्हणून उठून यायला कोणाची मनाई नाही. लोकअदालतीच्या मंडपात चहा-पाण्याच्या आग्रहानं सही करून टाकणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

तिसरा कागद कोर्टाचा नसतो, पण त्याच्याइतकाच जड असतो: पतसंस्थेच्या कर्जाची, सहकार कायद्याच्या कलम 101 खालची नोटीस. ती सहकार खात्याच्या निबंधकाकडून येते. कर्जदार शेजारचा, आणि तुम्ही चहाच्या टपरीवर मैत्रीखातर जामीनदार झालेले. सुनावणीला गेला नाहीत तर कर्जदारासोबत तुमच्याही नावे वसुली दाखला निघतो, आणि मग वसुली अधिकारी घरी येतो. त्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे पहिल्या तारखेला गप्प बसणं किती महाग पडतं, ते बघा.

चौथा कागद खरं समन्स. त्यावर कोर्टाचं नाव, प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावं, हजर राहण्याची तारीख-वेळ, सही आणि शिक्का असतो. दिवाणी दाव्यात बहुधा 'रे.मु.नं.' लिहिलेलं दिसेल. तिथे लेखी कैफियत द्यायला समन्स बजावल्यापासून तीस दिवस. सबळ कारण दिलं तर कोर्ट ते नव्वदपर्यंत वाढवू शकतं. फौजदारी समन्सला मात्र आरोपीनं हजरच व्हायचं असतं. न गेल्यास आधी बहुतेकदा जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र, आणि मग गावच्या घरी पोलिसांची गाडी येते. गावात त्याची जी चर्चा होते, ती मूळ गुन्ह्यापेक्षा मोठी असते. काही किरकोळ गुन्ह्यांत समन्सवरच दंडाची रक्कम लिहून गुन्हा कबूल असल्यास न येता पैसे पाठवण्याची सोय दिलेली असते. पण तिथेही उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. गप्प राहणं हे उत्तर नाही.

पाचवा कागद खोटा. मोबाइलवर कोर्टाचं, सीबीआयचं किंवा पोलिसांचं बोधचिन्ह लावलेला कागद येतो, मागोमाग व्हिडिओ कॉल, 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेरा बंद करू नका'. अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पण म्हणून 'मोबाइलवर आलेलं सगळं खोटं' असंही आता म्हणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं इलेक्ट्रॉनिक समन्सला मान्यता दिली आहे. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा नंबर किंवा नाव टाकून बघा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल तर तो टाका. नाहीतर सरळ त्या कोर्टात जाऊन नाझर शाखेत विचारा. आणि एवढं नक्की धरा की कोणतंही कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर तासाभराच्या आत 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन करा. पुढच्या दिवसावर ढकलू नका.

परदेशातल्या मुलांनाही आज फोन कराल तेव्हा हे सांगा. रत्नागिरी, दापोली, खेड, चिपळूणकडची कितीतरी कुटुंबं ब्रिटनमध्ये आहेत, आणि आता शिकायला, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत काम करायला नवी मुलं जात आहेत. तिथे कोर्टाचा कागद टीव्हीवरूनही येऊ शकतो. टीव्ही पाहायला तिथे लायसन्स लागतं, हे ऐकून इथल्या नव्या पिढीला हसू येतं. आपल्याकडेही ते होतं. 1933 च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना रेडिओ बाळगला तर पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत आणि पुढे अडीचशेपर्यंत दंड होता. पोस्टात पैसे भरून लायसन्सच्या पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची. ज्यांच्या घरी जुना रेडिओ आहे त्यांच्या ट्रंकेत ते पुस्तक अजून सापडेल. टीव्ही आला तेव्हा त्यालाही लायसन्स लागलं, आणि 1980 च्या दशकात हा सगळा प्रकार बंद झाला. ब्रिटनमध्ये तो चालू आहे. वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास. घरात टीव्हीचा डबा नाही म्हणून सुटका होते असं नाही. लॅपटॉपवर किंवा फोनवर कोणतीही वाहिनी थेट पाहिली, अगदी इथली मराठी वाहिनी किंवा क्रिकेटचा सामना, तरी लायसन्स लागतं. बीबीसीच्या आयप्लेयर ॲपवर पाहिलं तर थेट नसलं तरी लागतं. न घेता पाहिलं तर इंग्लंड-वेल्समध्ये तो गुन्हा आहे आणि दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो.

खरी अडचण तिथेही पत्त्याचीच आहे. लायसन्सवाल्यांची पत्रं येत राहतात, ती कोर्टाची नसतात. मात्र एक दिवस 'सिंगल जस्टिस प्रोसीजर' अशा नावाची नोटीस येते, आणि ती कोर्टाची असते. तिला एकवीस दिवसांत उत्तर द्यायचं: गुन्हा कबूल आहे की नाही, आणि आपली परिस्थिती काय. कबूल नसेल तर खुल्या कोर्टात सुनावणी होते. उत्तर आलंच नाही तर एक न्यायदंडाधिकारी, समोर कोणी नसताना, केवळ कागद वाचून दोषी ठरवू शकतो. भाड्याच्या खोल्या दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या मुलांची ती नोटीस जुन्या घराच्या पायपुसण्यावर पडून राहते, आणि शिक्षा झाल्याचं दंडवसुलीच्या पत्रातून कळतं. अशा वेळी 'मला खटल्याची कल्पनाच नव्हती' असं शपथेवर सांगून निकाल रद्द करून घेता येतो. पण तेही कळल्यापासून एकवीस दिवसांत. व्हिसाच्या अर्जात शिक्षेबद्दल विचारतात, हे लक्षात घेतलं तर हा नुसत्या दंडाचा प्रश्न उरत नाही. खोलीचा करार एकट्याच्या नावे आहे की सगळ्यांच्या एकत्र, यावर कोणी लायसन्स काढायचं ते ठरतं. मुलांना तो करार आजच काढून बघायला सांगा.

पुन्हा आपल्या अंगणात येऊ. समजा, तारीख होऊन गेली आहे. तरी डोक्याला हात लावून बसू नका. दावा अजून चालू असेल तर पुढच्या तारखेला हजर होऊन आधी का येऊ शकलो नाही ते सांगा, एकतर्फा हुकूम रद्द करायला अर्ज द्या. कोर्ट थोडाफार खर्च बसवून तो मंजूर करू शकतं. हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करण्याच्या अर्जाला मुदत फक्त तीस दिवस आहे. ते दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनामा झाल्याचं तुम्हाला कळल्याच्या दिवसापासून. म्हणजे आज ओटीवर बसून तुम्ही हुकूमनाम्याचा कागद पहिल्यांदा वाचलात, तर तुमचा पहिला दिवस आज सुरू झाला. विसर्जन, मग मुंबई, मग 'पुढच्या सुट्टीत बघू' करता करता तीस दिवस कसे जातात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वॉरंट निघालं असेल तर पोलिसांची वाट न बघता वकिलामार्फत स्वतः कोर्टात हजर व्हा आणि ते रद्द करायला अर्ज करा. स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेनं पाहतं.

दूर जावं लागतं ही सबबही आता तितकी खरी नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा, देवरुख, गुहागर, चिपळूण, खेड, दापोली इथे कोर्ट आहेच, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मंडणगडला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोर्टाची नवी इमारत सुरू झाली. उच्च न्यायालयासाठीही आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे आहेत.

सुट्टीचे दिवस सोडून जो पहिला कामाचा दिवस मिळेल त्या दिवशी कागद, आधार कार्ड आणि सातबारा किंवा कर्जाचं पासबुक, जे लागू असेल ते, घेऊन कोर्टात जा. घरातला एकच माणूस जाऊ शकत असेल तर त्यानं सगळ्यांच्या कागदांचे फोटो काढून न्यावेत. ज्याची रजा संपली आहे त्यानं मुंबईहून वकीलपत्र सही करून पाठवता येतं का, हे इथल्या वकिलाला आजच विचारावं. वकील गाठला की त्याला गावचा नव्हे, जिथे राहता तिथला पत्ता आणि चालू मोबाइल नंबर द्या. तोच पत्ता कोर्टाच्या कागदावर चढवून घ्या, म्हणजे पुढची बजावणी दाराला चिकटणार नाही. आणि गाडीत बसण्याआधी तोच नंबर शेजारी, पोलीस पाटलांकडे आणि पोस्टमनकडे लिहून ठेवा.